अर्धा सूर खाली

६ ऑक्टोबर

नाही, मी माफी मागणार नाही. आणि तू, जी कोणी खण उघडून ही वही वाचते आहेस, तूही मागायला लावू नकोस. आत्या, तूच असणार. दुसऱ्याच्या खणात हात घालायची सवय या घरात तुलाच आहे, हे मी तुला तोंडावरही सांगितलंय. वाच. पण वाचलंस तर सगळं वाच, अर्धं वाचून बाबांकडे पळू नकोस.

आज ट्रस्टच्या बैठकीत मी एवढंच म्हणाले, की आजोबांची ती रेकॉर्ड चाळीस वर्षं चुकीच्या वेगाने वाजते आहे. बस्स. कुणाचा बाप काढला नाही. म्हणजे काढला. आत्याचा. आणि बाबांचाही, दोघांचा एकच आहे.

उद्या मीच हे वाचलं तर कळावं म्हणून नीट लिहिते. आजोबा कंडक्टर होते. (शाळेत हे सांगितलं की पोरं तिकीट मागायची.) ऑर्केस्ट्रापुढे छडी घेऊन उभे राहिले की मागचा अख्खा हॉल श्वास रोखायचा म्हणे. यंदा त्यांची जन्मशताब्दी, म्हणून ट्रस्ट त्यांच्या सगळ्या रेकॉर्डिंगचा संच काढतोय. ट्रस्ट म्हणजे आत्या. तोच ऑर्केस्ट्रा आता बाबा चालवतात. आणि मी हॉलच्या तळघरात बसून जुन्या टेप साफ करते. चिकटलेली रिळं सोडवते, खरखर काढते, डोकं धरून बसते.

या सगळ्यात मुकुटमणी म्हणजे ती सिम्फनी. तिचा तिसरा भाग इतका संथ आणि सूर इतका खोल, की लोक डोळे मिटून ऐकतात आणि उघडल्यावर एकमेकांकडे बघत नाहीत. दंतकथा अशी की आजोबांनी त्या दिवशी सगळी वाद्यं मुद्दाम अर्धा सूर खाली लावून घेतली. 'अंधाराचा रंग' यावा म्हणून. एका प्राध्यापकाला या अंधारावर डॉक्टरेट मिळाली आहे.

मला मूळ रीळ यंदा पहिल्यांदा हातात मिळालं. आतापर्यंत सगळे नकलेची नक्कल करत होते. दोन भागांच्या मधल्या शांततेत हॉलमधल्या दिव्यांची बारीक गुणगुण ऐकू येते. आपल्याकडे विजेची गुणगुण कुठेही जा, सेकंदाला पन्नास कंपनं. या टेपवर भरली सत्तेचाळीस. आता वीजसुद्धा आजोबांचा मान राखून हळू वाहिली असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर अर्थ सरळ आहे. टेप भरताना यंत्र जास्त जोरात पळत होतं. ती आपण नीट यंत्रावर लावतो, म्हणून सगळंच रेंगाळतं आणि अर्धा सूर खाली उतरतं. अंधारबिंधार काही नाही. बिघडलेली मोटर.

आत्या म्हणाली, "तुझे कान तपासून घे."

मी म्हटलं, "हे कानाने नाही मोजलं आत्या, यंत्राने मोजलं."

"माफी माग."

"कुणाची?"

तिने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. सगळे ट्रस्टी फोटोकडे बघायला लागले, जणू आजोबा मान हलवणार. बाबा मात्र पाण्याच्या ग्लासात बघत होते.

७ ऑक्टोबर

आज वेग दुरुस्त करून पहिल्यांदा सलग ऐकलं.

त्या मधल्या शांततेत आजोबांचं एक वाक्य आहे. सगळ्या जगाला पाठ आहे ते. "थांबा. श्वास घ्या." खोल, विहिरीतून आल्यासारखा आवाज. हॉलच्या दारावर कोरलंय. ट्रस्टच्या मगांवर छापलंय. एका विमा कंपनीने जाहिरातीला वापरलं, आत्याने पैसे घेतले आणि ते गोड मानून घेतले.

खऱ्या वेगात तो आवाज खोलबिल नाही. पातळ आहे. घाईचा, जरा नाकातला. आणि मूळ रिळावर वाक्य तिथे संपतच नाही! पुढचा तुकडा कुणीतरी घरघर समजून नकलांमधून उडवलाय. मागे पितळी हॉर्न वाजवणाऱ्या कुणाला तरी खोकल्याची उबळ आली आहे, आणि आजोबा म्हणताहेत, "थांबा. श्वास घ्या. पटपट घ्या!"

पटपट घ्या.

मी एकटीच हसत सुटले. हा माणूस मला माहीत आहे. मी नऊ वर्षांची होते ते गेले तेव्हा. त्यांच्याबरोबर चालायचं म्हणजे मला पळावंच लागायचं, आणि ते मागे वळून ओरडायचे, "चल चल, पाय आहेत की खांब!" मगावरच्या साधूशी माझं काही नातं नव्हतं. माझे आजोबा हे.

हेडफोनची गादी ओली झाली. तळघरात उकडतं फार.

९ ऑक्टोबर

आत्या तळघरात उतरली. ती इथे कधी येत नाही, धुळीने तिला शिंका येतात. आज आली आणि शिंकत शिंकत भांडली. भांडण लांबलं.

"तुला काय सिद्ध करायचंय?"

"काही नाही. टेप नीट लावायची आहे."

"चाळीस वर्षं लोकांनी जे डोक्यावर घेतलं ते मशीनची चूक होती, असं छापायचं? आक्छी. आपल्याच संचात?"

"हो."

"आणि तुझा बाप? डिसेंबरात त्याची नेमणूक पुढे चालू ठेवायची की नाही ते ठरणार आहे. कशाच्या जोरावर उभा आहे तो? सांग ना. त्या संथपणाच्या. बापाचा वारसा म्हणून. तू उद्या सांगितलंस की बाप संथ नव्हताच, तर हा कुणाचा वारस? मोटरचा?"

मान्य करते, हे वाक्य चांगलं होतं. मला सुचायला हवं होतं.

मी म्हटलं, "खोट्यावर उभं राहण्यापेक्षा बसलेलं बरं."

"तू बस. तुला बसायला ही खोली आहे. त्याला कुठली खोली आहे?" असं म्हणून ती गेली. जिन्यात आणखी दोन शिंका.

मला यावर उत्तर होतं. जिना चढून द्यायला गेले नाही एवढंच.

१३ ऑक्टोबर

ओबोला ऐकवलं. ओबो म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्रात ओबो हे सनईसारखं वाद्य वाजवणारा. त्याला खरं नाव आहे, पण त्याच्या आईशिवाय कुणी वापरत नाही. कार्यक्रमाआधी त्याच्याच सुरावर सगळे आपापली वाद्यं लावतात, त्यामुळे आपल्याशिवाय जग बेसूर होईल असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं.

त्याने ऐकलं, वाद्य काढलं, आपला सूर टेपवरच्या सुराशेजारी धरला. दोन्ही एकमेकांत असे मिसळले की वेगळे काढता येईनात.

"झालं," तो म्हणाला. "कुणी खाली लावलं नव्हतं काही. साधा नेहमीचा सूर आहे. प्राध्यापकाला फोन कर."

"बाबांना कसं सांगू?"

"साहेबांना?" तो वाद्य पुसत राहिला. "एक सांगू? रागावू नकोस. साहेब त्या रेकॉर्डपेक्षाही हळू घेतात. तिसऱ्या भागात माझा एक सूर इतका लांब आहे, की मी मध्ये लग्न करून येऊ शकतो."

"कुणी करेल का पण?"

"तोच तर प्रश्न आहे." मग म्हणाला, "आम्ही मागे काय काय बोलतो ते तुला माहीत आहे. पेपरवाले त्यांना कार्बन कॉपी म्हणतात. पण कॉपी असती तर एवढी दमछाक झाली नसती. कॉपी करणं सोपं असतं गं."

याचा अर्थ काय ते विचारायचं राहिलं. तो तालमीला गेला.

१४ ऑक्टोबर

काही नाही. आत्याला शिंका आणणारी धूळ मुद्दाम झाडली नाही.

१८ ऑक्टोबर

बाबा आले. मी बोलावलं नव्हतं.

माझ्या खुर्चीवर बसले, हेडफोन चढवले आणि म्हणाले, "लाव." मी लावलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. या क्षणाची मी दोन आठवडे तयारी केली होती, वाक्यं ठरवली होती. ते कोसळतील, मग मी समजूतदारपणे पाठीवर हात ठेवीन वगैरे.

ते कोसळले नाहीत. 'पटपट घ्या' आल्यावर म्हणाले, "मागे घे." परत लावलं. "अजून एकदा." परत. डोळे मिटून होते. तपासत असावेत.

मग हेडफोन काढून म्हणाले, "मला माहीत होतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मी तिथे होतो ना. दुसऱ्या व्हायोलिनांत, शेवटच्या खुर्चीवर. बावीस वर्षांचा. आपण काय वाजवलं ते मला माहीत नसेल? रेकॉर्ड छापून घरी आली, तुझ्या आजोबांनी लावली, पहिल्याच सुराला आम्ही एकमेकांकडे पाहिलं."

"मग?"

"मग ते हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पण बंद नाही केली. शेवटपर्यंत ऐकली. नंतर म्हणाले, हा कोण शांत माणूस आहे रे? मला याच्यासारखं व्हायचंय. राहू दे. कुणाला सांगू नकोस."

"आणि तुम्ही नाही सांगितलंत."

"त्यांनी पुढे सगळी वर्षं तसं वाजवायचा प्रयत्न केला. प्रत्येक कार्यक्रमात. सुरुवात व्हायची बरोबर. मग त्यांचा पाय हलायला लागायचा, आणि झालं, निघाली स्वारी. नाही जमलं त्यांना." बाबा माझ्या टेबलावरचा ब्रश उचलून त्याचे केस सरळ करत होते. "मला वाटलं, मला जमेल."

मी एकदम चिडले. लिहितानाही हात गरम आहे. चाळीस वर्षं! एवढ्या मुलाखती, एवढे पुरस्कार, 'वडिलांच्या पावलांवर पाऊल', आणि हा माणूस गप्प. मी म्हटलं, "ही सबब आहे, बाबा."

"असेल," ते म्हणाले. ब्रश जागेवर ठेवला, माझ्या जागेवर, डाव्या हाताला. "तुझी आत्या म्हणते तुला थांबव. मी थांबवायला नव्हतो आलो. आवाज ऐकायला आलो होतो."

सबब. दुसरा शब्द नाही.

२० ऑक्टोबर

आत्याने टेपांच्या कपाटाचं कुलूप बदललं. मूळ रीळ आता तिच्या ताब्यात. तिला वाटतं माझ्याकडे दुसरी प्रत नाही. आत्या, तू हे वाचते आहेसच, तर ऐक: आहे. तुला सापडणार नाही. खण उपसून झाले असतील तर परत नीट लाव, माझे मोजे कुठल्या खणात असतात तेही तुला माहीत आहे.

जेवताना मला घरभेदी म्हणाली. बाबा मीठ मागत राहिले.

२७ ऑक्टोबर

केलं. सांगून टाकते.

जन्मशताब्दीच्या मोठ्या कार्यक्रमाची तालीम होती, त्यातही तीच सिम्फनी. चहाच्या सुट्टीत सगळे मंचावरच पेले घेऊन रेंगाळतात. हॉलचे स्पीकर माझ्या खोलीतून चालतात, ते कुलूप बदलताना आत्याच्या लक्षात आलं नाही. मी तिसरा भाग लावला. खरा वेग. आणि त्याआधीची शांतता, खोकल्यासकट.

"थांबा. श्वास घ्या. पटपट घ्या!"

हॉर्नवाले असे हसले की एकाच्या पेल्यातला चहा दुसऱ्याच्या वहीवर. मग संगीत सुरू झालं आणि हसणं थांबलं. मी वर धावत येऊन दाराशी उभी राहिले. सगळ्यांचे पाय हलत होते. ओबोचा तर अख्खा गुडघा. वेगळीच चीज होती ती. तिच्यात वारा होता, घाई होती, कुणीतरी आनंदाने जिना उतरत होतं. डोळे मिटायची गरजच नव्हती.

संपलं. कुणी टाळी वाजवेना, कारण सगळ्यांना बाबांचं तोंड बघायचं होतं आणि कुणाला बघायचं नव्हतं. आत्या पहिल्या रांगेत उभी, रंग उडालेला. मला मनातून वाटत होतं, बोला. ओरडा. मला हाकला. काहीतरी करा.

बाबा मंचावर चढले. छडी उचलली.

"ऐकलंत?" ते म्हणाले. "असं वाजवलं होतं आम्ही. छान होतं. मोटर बिघडली होती, ही मुलगी सांगते ते खरं आहे." मग पानं उलटली. "आता माझं वाजवू."

आणि त्यांनी तिसरा भाग घेतला. नेहमीपेक्षाही हळू! मुद्दाम! माझ्याकडे एकदाही न बघता. हट्टी माणूस. सूर तुटेल असं वाटायचं, तुटायचा नाही. ओबोच्या त्या लांब सुराला मी श्वास धरून उभी होते आणि तो संपेपर्यंत सोडायचं विसरले.

वाईट नव्हतं. पण तो मुद्दा नाही. मुद्दा असा की मी जिंकायला हवं होतं आणि मला कळत नाहीये मी जिंकले की नाही.

२८ ऑक्टोबर

आत्या: "आठ तारखेचा कार्यक्रम झाला की तळघराची किल्ली माझ्या टेबलावर."

मी: "संचाची प्रत छापणाऱ्या कंपनीला मीच देणार. काम माझं आहे."

आत्या: "जुन्या वेगाची देणार."

मी: "बघू."

आत्या: "तुझ्या आजोबांवर गेली आहेस. तेही असेच. तोंडाळ आणि घाईचे."

पहिल्यांदाच तिने आजोबांबद्दल मगावर नसलेलं काहीतरी म्हटलं. तिलाही ते जाणवलं. पटकन चष्मा पुसायला लागली.

८ नोव्हेंबर

कार्यक्रम झाला. मी काचेमागे बसून भरून घेतला.

तिसऱ्या भागात सुरुवातीला लोक खोकले, खुर्च्या करकरल्या, एक जण उठून गेला. बाबांनी वेग तसूभर बदलला नाही. मग खोकले कधी बंद झाले कळलं नाही. मी यंत्रावरचे काटे बघत होते, ते जेमतेम हलत होते, इतकं हळू वाजत होतं, आणि तरी हॉलमध्ये कुणाची हालचाल नाही. मला वाटत होतं हा माणूस आता चुकेल, पाय हलेल, पळेल. त्यांचे पाय बघत होते मी. खांबासारखे होते.

काचेमागे एसी फार लावतात. एसीने डोळ्यांना पाणी येतं.

संपल्यावर बाबा वाकले नाहीत. ओबोकडे बोट करून त्याला उभं केलं. तो उभा राहिला आणि धापा टाकत होता. मग बाबांनी काचेकडे पाहिलं. तिथून आतलं काही दिसत नाही, नुसतं स्वतःचं प्रतिबिंब दिसतं. तरी पाहिलं.

९ नोव्हेंबर

आत्या, हे शेवटचं पान तुझ्यासाठीच आहे. खण उघडायचे कष्ट घेऊ नकोस, वही टेबलावर ठेवते आहे. किल्ली तिच्यावर.

कंपनीचा माणूस सकाळी येऊन प्रत घेऊन गेला. खऱ्या वेगाची. सोबत मी चार ओळी दिल्या आहेत, त्या तशाच छापल्या जातील. मोटर बिघडली होती, कुणी काहीही खाली लावलं नव्हतं, आणि आजोबा हे घाईचे, पातळ आवाजाचे, फार आनंदी गृहस्थ होते. ट्रस्ट माझ्यावर खटला करणार असेल तर कर. कोर्टात टेप लावायला मीच येईन, दुसऱ्या कुणाला ते यंत्र चालवता येत नाही.

पण प्रत एवढ्यावर संपत नाही. शेवटी मी कालचा तिसरा भाग जोडला आहे. त्याखाली लिहिलंय: याचा वेग कुणी दुरुस्त करू नये. हा मुळातच एवढा आहे.

कळतंय का तुला? तू विचारलंस ना, हा कुणाचा वारस. कुणाचाच नाही! इतकी वर्षं सगळे म्हणत आले की हा बापाची नक्कल करतो. अगं, बापाने असं कधी वाजवलंच नाही. कुणीच वाजवलं नाही. एका बिघडलेल्या यंत्राला चुकून जे जमलं, ते हाडामांसाच्या माणसांकडून कुणी वाजवून घेतलं असेल तर तुझ्या भावाने. तो संथपणा त्याचा आहे, पहिल्यापासून त्याचाच. मी त्याच्यावरचा चोरीचा आळ काढलाय आणि तू मला घरभेदी म्हणतेस. डिसेंबरात नेमणूक जायची असेल तर जाऊ दे. स्वतःच्या नावावर तरी जाईल.

हे मी आधी ओळखलं नव्हतं, हे मात्र लिहू नकोस कुठे. मी सुरुवात केली तेव्हा मला फक्त आजोबा परत हवे होते.

तुझं उत्तर तोंडात तयार असेल. तसंच ठेव. मी गावात नसेन, आणि कुठे जाते ते खणात लिहून ठेवलेलं नाही.

बाबा आत दाढी करताहेत. दार बंद आहे. तिसरा भाग गुणगुणताहेत, आणि ऐक तरी, काय पळवताहेत! भन्नाट. नळही त्यांना गाठू शकत नाहीये. आता बाहेर येतील, टॉवेल खांद्यावर, आणि काहीतरी बोलतील.

नको. चल चल, पाय आहेत की खांब.

निघाले.